बाईंनी बंद ठेवलेला पंधरवडा

बाई, पनवेलला तुमच्या बाहेरच्या खोलीतल्या टायपिंगच्या क्लासात टाइपरायटरांचा खडखडाट चालू असताना मी दारात उभी आहे, हे चित्र अजून डोळ्यांपुढून जात नाही. युनिव्हर्सिटीतले विद्यार्थी आणि संशोधन करणारी मंडळी यांना मुंबईत पंधरा दिवस गणकयंत्र शिकवणार होते, आणि आमच्या प्रोफेसरांनी माझंही नाव दिलं होतं. रोज एस.टी.नं कॉलेजला जाणं बाबांनी कसंबसं मान्य केलं होतं, पण मुंबईत राहणं म्हणजे फारच झालं. तुम्ही मशीनवर झाकण घातलंत आणि तशाच माझ्याबरोबर मिठागरावर आलात. बाबा गुडघाभर पाण्यात उभे. "पोर येकटी म्हमईला र्‍हानार? नाय जमायचा, बाई. तिची आय असती तर गोष्ट येगली." तुम्ही बांधावरूनच म्हणालात, "एकटी कशाला? माझी बहीण माझगावात राहते. मी जाते बरोबर." "आनि तुमचा क्लास?" "बंद ठेवते पंधरा दिवस. मुलींच्या बोटांनाही जरा आराम." बाबा पहिल्यांदाच हसले.

ते यंत्र म्हणजे खोलीभर लोखंडी कपाटं होती. त्याला सांगायचं ते भोकं पाडलेल्या कार्डांवरून सांगायचं. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या तरुण साहेबांनी मला कार्डं पंच करायला बसवलं आणि आकडेमोड यंत्राला कशी समजावायची ते मुलांना फळ्यावर शिकवायला घेतलं. दुपारी बाहेरच्या बाकावर तुमच्याशेजारी बसून मी रडले. "रडायचं ते माझगावात. इथे शिकायला आलीयस," असं म्हणून तुम्ही उठलात, पदर सारखा केलात आणि थेट साहेबांपुढे. "टायपिंग तिला मी शिकवलंय. त्यासाठी मुंबईला आणलं नाही तिला. फळ्यावर जे चाललंय ते शिकवा." साहेब गोरेमोरे झाले. उद्यापासून पुढच्या बाकावर बैस, म्हणाले.

पुढे माझी कार्डं दोनदा चुकली. मग एका दुपारी यंत्रानं कागदावर माझं उत्तर छापलं. तुम्ही तो कागद उलटसुलट बघितलात. "ह्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण बरोबर आहे ना?" बरोबर होतं, बाई. त्याच्या जोरावर नोकरी लागली आणि पुढे कित्येक वर्षं मीच फळ्यापुढे उभी राहून शिकवत होते. तोवर तुमच्या ज्यू समाजातल्या अनेकांसारख्या तुम्हीही बहिणीच्या मागोमाग इस्रायलला गेला होतात. तिथली थंडी सोसत नाही, असं कळवलं होतंत. त्यानंतर तुम्ही वारल्याचीच बातमी आली.

हे पत्र आता कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. तिथल्या कँटीनमध्ये एका मुलीनं विचारलं होतं, "बाहेर बसतात त्या तुझ्या आई ना?" मी हो म्हणाले. पंधरा दिवस तिथे सगळे तसंच समजत होते, आणि मी कुणालाच खरं सांगितलं नाही.