दुसरा माऊस

३ जून, सोमवार

आलो एकदाच्या. सामान लावून पाठीचा पार काटा ढिला झालाय, पण मी खूश आहे. पुढच्या खोलीत ऑफिस, मागच्या खोलीत आम्ही मायलेकी. दिवसभर घरांचे नकाशे काढायचे आणि खुर्चीतून उठलं की घरी. नोकरी असावी तर अशी. लेकीचं खरं नाव वेगळं आहे, पण एका जागी टिकत नाही म्हणून ती भिंगरी. दोन्ही खोल्या तिने उड्या मारत मोजून काढल्या. तिचा पलंग उजवीकडच्या भिंतीला लावलाय. पुढच्या खोलीत माझं टेबलही त्याच भिंतीला आहे. पलीकडचा गाळा बंद, म्हणजे शेजाऱ्यांची कटकट नाही.

कॉम्प्युटर तेवढा म्हातारा आहे. सुरू व्हायलाच नाटकं करतो.

५ जून, बुधवार

कर्सरने आज डोकं उठवलं. मी डावीकडे न्यावं, तर हा उजवीकडे सरकतो. माऊस पुसला, खाली कोरा कागद घातला, वायर काढून परत लावली, कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. फरक शून्य. उजव्या कडेला जातो आणि स्क्रीनबाहेर गायब होतो. दुपारी तर माझा अर्धा नकाशाच तिकडे ओढून नेला. भिंगरी म्हणाली, आई, तो तुझ्याशी भांडतोय. मी म्हटलं, भांडू दे, मी काय कमी आहे का.

६ जून, गुरुवार

कॉम्प्युटरवाला येऊन गेला. भारी बोलका प्राणी. म्हणाला, तुमच्या कॉम्प्युटरला वाटतंय की उजवीकडे अजून एक स्क्रीन आहे, म्हणून कर्सर तिकडे पळतो. ते त्याने बंद केलं. मग कॉम्प्युटरच्या पाठीमागे हात घालून नखाएवढा डोंगल काढून दाखवला. बिनवायरच्या माऊसचा. म्हणजे इतके दिवस या कॉम्प्युटरला दोन माऊस होते आणि दुसरा कुणाच्या तरी हातात होता. फार लांबून चालत नाही हा, जवळच असणार, असं म्हणून त्याने उजव्या भिंतीवर टकटक केली आणि हसला. मीही हसले. डोंगल ड्रॉवरमध्ये टाकला. कर्सर दिवसभर गुणी बाळासारखा वागला.

७ जून, शुक्रवार

भिंगरीला ताप भरलाय. सकाळी म्हणाली, भिंतीच्या बाजूला एक काकू बसली होती, तिने कपाळावर हात ठेवला, हात खूप गार होता. तापात पोरं काहीही बोलतात. तरी पलंग भिंतीपासून लांब ओढला.

ऑफिसच्या मालकांना फोन करून सहज विचारल्यासारखं विचारलं, शेजारचा गाळा कुणाला दिलाय का. म्हणाले, कुणालाच नाही, तिथली वीजसुद्धा तोडलीय. पूर्वी मध्ये भिंत नव्हती. सगळं एकच ऑफिस, आणि तिकडच्या टेबलावर एक बाई बसायच्या. त्यांची मुलगी तापाने गेली. तरी त्या रोज यायच्या. हात माऊसवर असला की मी जागेवर असते, असं म्हणायच्या. शेवटी त्या खुर्चीतच गेल्या. मग भिंत घातली.

 फोन ठेवला आणि आधी भिंगरीचा ताप पाहिला.

८ जून, शनिवार

काकू पुन्हा आली. भरदुपारी. पलंग परत भिंतीला टेकलेला, आणि मी तो हलवलेला नाही. भिंगरी म्हणते, काकूने विचारलं, माझ्याकडे राहायला येतेस का.

मी डोंगल परत लावला. वेडेपणा म्हणा. पण लावल्याबरोबर कर्सर हलला, आणि संध्याकाळपर्यंत भिंगरीजवळ कुणी फिरकलं नाही. हात माऊसवर असला की ती तिकडेच बसते. मग बसू दे. कोरा नकाशा उघडून ठेवलाय. काढत बस म्हणावं काय काढायचं ते.

उद्या आम्ही इथून निघतोय. नोकरी गेली खड्ड्यात.

९ जून, रविवार

तिने आमचाच नकाशा काढलाय. रेघा माझ्याहून सरळ. आमच्या दोन खोल्या, पलीकडे गाळा. गाळ्यात एक पलंग. लहान.

आता भिंतीत दार काढतेय. भिंगरीच्या पलंगाशेजारी. एक रेघ आणि पाव वर्तुळ, दार कुठे उघडतं ते त्यावरून कळतं. हे आमच्याकडे उघडतं. मी पुसलं. तिने परत काढलं. आत प्लास्टर पडल्याचा आवाज —

पुसलं की थांबतो.

रविवार, दुपार

टॅक्सी पाचला. तोवर उठायचं नाही. उजवा हात माऊसवर, डाव्याने लिहितेय. लिहिलं नाही तर ओरडेन.

डोंगल काढला तर ती उठेल. नाही काढला तर दार —

भिंगरीला हाका मारल्या. तापात गाढ झोपलीय, ओ देत नाही. तिला उचलून आणायला निघाले. दोन पावलं टाकली, तर आत विटा पडल्या. पळत आले. पुसलं.

ती काढते. मी पुसते. ती काढते. बोटं वळेनाशी झालीत. मला भीती वाटतेय. खूप.

नंतर

थकली वाटतं. वर्तुळ अर्धवट सोडलं. मी पुसलं. परत काढलं नाही.

कर्सर गप्प आहे. बाहेर टॅक्सीचा हॉर्न. सुटलो देवा. कर्सर हललासुद्धा नाही, किती वेळ —

हलत नाही.

म्हणजे तिचा हात माऊसवर नाही.

आत भिंगरी उठलीय. कुणाशी तरी बोलतेय. म्हणतेय, आईचं काम चालू आहे, तिला नको सांगायला, चल आपण —

भिंगरी, थांब, मी