काळी काच आणि बाबांचा नवस

१० फेब्रुवारी, रविवार
ठरलं. यंदा आमच्या ओरुरो शहराच्या कार्निव्हलचे फोटो कॅमेऱ्याला काचेचा फिल्टर लावूनच काढायचे. बिनफिल्टरचे काय, कुणीही काढतं. पासपोर्ट-फोटोवाला लिंबर्ट ही माझी ओळख आजपासून संपली.
बाबांनी विचारलं, डब्यात काय रे? म्हटलं, काचा. म्हणाले, चष्मा लागला की काय? नुसता हसलो. कला समजायला वेळ लागतो.

१४ फेब्रुवारी
इथे खाणीच्या माउलीला तीन वर्षं कार्निव्हलमध्ये नाचायचा नवस बोलतात. बाबांची दोन झाली. खाणीच्या धुळीने फुप्फुसं गेलीत, डॉक्टर नको म्हणतात. बाबांचं उत्तर, नवस काय डॉक्टरने बोललाय?
त्यांचं एकच मागणं. नवस फिटतानाचा एक फोटो, भिंतीवर आईच्या शेजारी.
बहीण बेनिता म्हणाली, मोबाइलवर काढते की मी. म्हटलं, आईच्या शेजारी मोबाइलचा फोटो? तिने मोबाइल खिशात टाकला. पटलं असावं.

२३ फेब्रुवारी
फिल्टर निवडला. लाल-निळ्या काचा पोरकट. पोलरायझर आकाश निळं करतो, पण या ढगाळ दिवसांत इथे आकाश असतं कुठे? शेवटी काळी काच. इतकी काळी, की शटर घड्याळ बघून अर्धं मिनिट उघडं ठेवावं लागतं. त्यात धबधब्याचं रेशीम होतं. नाचणाऱ्यांचंही होणारच. ओरुरोत हे आजवर कुणी केलेलं नाही.
बेनिता म्हणाली, आधी करून तर बघ. चौकातल्या पुतळ्यावर करून पाहिलं. अप्रतिम!

२ मार्च, शनिवार. कार्निव्हल
बाबा आले. पिंपाएवढा जड पोशाख, हातात खुळखुळा, जीभ लोंबणारा मुखवटा. माझ्यासमोर थांबून मुखवटा वर केला. ओठ निळे पडलेले. हात उंचावून ओरडले, लिंबर्ट, घे रे लवकर!
म्हटलं, थांबू नका, नाचत राहा, नाहीतर रेशीम होणार नाही. दोनदा मागे पाठवून पुन्हा नाचायला लावलं. मागच्या बँडवाल्यांनी आईवरून शिव्या घातल्या. अडाणी लोक.
बाबा पुढे माउलीच्या देवळात गुडघ्यांवर गेले म्हणे. मी काच पुसत होतो.

३ मार्च
फोटो कॉम्प्युटरवर पाहिला. रस्ता आहे, रिकामा. बाबा नाहीत, ताफा नाही, बँड नाही. बिअरच्या क्रेटला टेकून झोपलेला दारुडा मात्र लख्ख, तो अर्धं मिनिट हलला नव्हता.
बाबांना रात्रीच हॉस्पिटलात हलवलं होतं, तिथे दाखवला. बोटाने रिकामा रस्ता चाचपला. मग विचारलं, मी नाचलो ना रे?
समजावून सांगितलं, गती अशीच दाखवतात. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, त्यामुळे वाद झाला नाही.

९ मार्च
बाबा गेले.
शवपेटीत ठेवल्यावर काळी काच लावून अर्धं मिनिट दिलं. जराही हलले नाहीत. मिशीचा केस न् केस आला. माझा आजवरचा सर्वोत्तम फोटो.
बेनिताने ट्रायपॉडला लाथ घातली. दुःखात माणूस काहीही करतो.

१७ मार्च, रविवार
आईच्या शेजारी फोटो लागला. माझा नाही, बेनिताने कार्निव्हलला मोबाइलवर काढलेला. मधोमध बाबा, मुखवटा कपाळावर, हात वर, तोंड उघडं. कडेला मी, मान खाली, नजर घड्याळावर.
म्हटलं, आकाश पार पांढरं पडलंय, फिल्टर हवा होता. आणि मला तरी कापायचंस.
म्हणाली, कापणारच होते. पण मग बाबा कुणाला हाका मारतायत, ते कळलं नसतं.