शंभर तासांची नळी

४ फेब्रुवारी २०१४

नवव्या तासाला पावडर पुन्हा मेली! साडेसातशे डिग्रीत नळीत निकेलची पावडर ठेवायची, वरून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड सोडायचा, खालून जळणारा गॅस घ्यायचा. निघतो पण. मग पावडरीवर काजळी चढते आणि सगळं ठप्प. हीच पावडर माझे गाइड श्रीपाद सरनं स्वतःच्या पीएचडीत शंभर तास चालवली म्हणे. "रीना, तुझ्या हाताला यशच नाही." पाच वर्षं हेच ऐकून राहिली.

६ फेब्रुवारी

क्वार्ट्झची, म्हणजे काचेची, नळी तडकली. नवी यायला दोन महिने, आणि माझा सेमिनार २० ला. शंभर तास दाखवले नाही तर पीएचडी गेली. मग बीरगांवच्या कोचिंगमध्ये दहावीच्या पोट्ट्यांना केमिस्ट्री शिकवत बसा.

लॅबच्या नत्थूभैयानं कपाटाच्या तळातून स्टीलची नळी काढली. "श्रीपाद सर के जमाने की है दीदी. हव, चलेगी."

७ फेब्रुवारी

पावडर तोलून बाटलीत ठेवली, तोच सरचं बोलावणं. परत आली तर नत्थूभैयानं नळी कसून भट्टी लावलेली. देवमाणूस.

११ फेब्रुवारी

शंभर तास! गॅस जरा कमी, पण पहिल्या तासाला जेवढा, तेवढाच शेवटच्या तासाला. सरनं तेलीबांध्याहून पेढे मागवले. "आता कुठे शिकलीस." ब्लँक करू का विचारलं – म्हणजे नळी रिकामी ठेवून गॅस सोडून पाहायचा. "रिकाम्या नळीत काय दिसणार? वेळ घालवू नको." दोन पेढे खाल्ले.

१३ फेब्रुवारी

काजळी किती ते पाहायला नळी उघडली. आत काहीच नाही. काजळी सोडा, पावडरच नाही! बाटली तोलकाट्यामागे, भरलेलीच. मले वाटलं नत्थूभैयानं भरली. तो म्हणतो, "मैं तो समझा आप डाल के गई हो."

मग गॅस बनवला कोणी? स्टीलमध्येही निकेल असतं. नळीनंच बनवला. चार दिवस मी रिकाम्या पाइपाची आरती करून राहिली होती! हसू येत होतं.

१४ फेब्रुवारी

सरले सांगितलं नाही. हिंमत नाही झाली.

१५ फेब्रुवारी

लायब्ररीत सरचा थीसिस काढला. तीच स्टीलची नळी. ब्लँक कुठंच नाही. म्हणजे त्यांची पावडरही केव्हाच मेली असेल, पुढे नळीच चालली. आणि मी बावळट, पाच वर्षं ते काचेत जमवून राहिली!

आई मेथी निवडत होती. तिले सगळं सोपं करून सांगितलं.

"म्हणजे चूक त्याची?"

"हो."

"मग तू पाच वर्षं रडली काहून?"

लय राग आला. तिचाही, सरचाही, स्वतःचाही.

१७ फेब्रुवारी

मुद्दाम रिकामी नळी लावली. तोच गॅस, तेवढाच.

२० फेब्रुवारी

पहिल्याच स्लाइडवर रिकाम्या नळीचे आकडे लावले. सर समोरच बसलेले. "माझ्याच नळीत केलंस ना हे?" हो म्हटलं. सर उभे राहिले, हॉलकडे वळले आणि म्हणाले, "मग माझा थीसिस चुकला आहे. हिला पुढे बोलू द्या."