आत्याच्या नावे लागलेली गाठ

प्रति,
मा. संचालक,
डिझाइन पूर्वतयारी अभ्यासक्रम,
मुख्य इमारत, काचेचा मजला.

विषय : अर्जदाराने स्वतः शोधलेली गाठ तिच्या आत्याची परंपरा ठरवल्याबाबत, व त्यापायी अडलेला मुख्य अभ्यासक्रमाचा प्रवेश मिळण्याबाबत.

संदर्भ : सत्रात काय शिकलो ते प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याने लेखी कळवावे, ही आपली सूचना.

महोदय,

वरील सूचनेनुसार अर्जदार काय शिकली ते सादर करत आहे. अर्ज लांबला आहे, पण शिकवणीच तशी जबरदस्त झाली.

१. सर्वांना लाकडी पट्ट्यांची दिव्याची शेड करायला सांगितली होती. गोंद कपाटात, कपाटाची किल्ली ओळखपत्र दाखवल्यावर, आणि परदेशी विद्यार्थ्यांची ओळखपत्रे आपल्याच टेबलावर सहीसाठी पडून. तेव्हा अर्जदाराने कार्यशाळेच्या दारातल्या खोक्यांची सुतळी सोडवली आणि पट्ट्या बांधायला घेतल्या. साध्या गाठी सैल पडत. पुष्कळ डोकेफोड केल्यावर तिला एक गाठ सुचली. टोक पट्टीखालून दुहेरी घेऊन उलटे ओवायचे. पट्टी तापून हलली की गाठ तिच्याबरोबर सरकते आणि पुन्हा आवळते. प्रदर्शनात दिवे लागले, तशा गोंदवाल्या शेडी एकेक करून उकलल्या. अर्जदाराची जागची हलली नाही. इतक्या लांब आले ते बरे केले, असे तिला त्या दिवशी मनापासून वाटले. तेवढा एकच दिवस.

२. तिचे मार्गदर्शक, ज्यांना विद्यार्थी मफलरसर म्हणतात, शेडपुढे आले, डोळे मिटून गाठींवरून बोट फिरवू लागले आणि म्हणाले, "पिढ्यानपिढ्यांचं ज्ञान आहे हे! कोणी शिकवलं?" अर्जदार म्हणाली, "कोणी नाही सर. गोंद मिळाला नाही म्हणून बांधलं." यावर सर गहिवरले. किती हा विनय, म्हणाले. मग घरात मोठे कोण, असे त्यांनी विचारले, आणि अर्जदार बावळटासारखी 'आत्या' म्हणून बसली. दुसऱ्या दिवशी शेडखाली पाटी लागली : 'आत्याकडून आलेली पारंपरिक गाठ'. गुणपत्रिकेत परंपरेचे जतन उत्कृष्ट, मौलिकता शून्य. मौलिकतेत शून्य म्हणजे मुख्य अभ्यासक्रमाला प्रवेश नाही, म्हणजे बॅग भरा आणि घरी जा. यावरून अर्जदार असे शिकली की, परदेशी विद्यार्थ्याला डोके नसते, फक्त वाडवडील असतात.

३. आता आत्याविषयी. आत्याने उभा जन्म दातांच्या दवाखान्यात नंबर पुकारण्यात घालवला. नाडी बांधायचा कंटाळा म्हणून ती बूटसुद्धा घालत नाही. तिला आपण प्रात्यक्षिकासाठी सन्मानाने बोलावलेत. अर्जदाराने फोनवर हातापाया पडून सांगितले, "आत्या, नाही म्हण गं." आत्या म्हणाली, "नाही कशाला म्हणू? एवढं विमानानं बोलावतायत. गाठीचं काय, तू शिकव की मला!" मग रोज संध्याकाळी व्हिडिओवर शिकवणी. आत्याने सुतळीला, अर्जदाराला आणि आपल्या संस्थेला यथेच्छ शिव्या घातल्या, पण गाठ शिकली. अर्जदाराने एकच अट घातली होती : व्यासपीठावर खरे बोलायचे.

४. प्रात्यक्षिकाला आपण पहिल्या रांगेत होतात. आत्याची भाषा आपल्यापैकी कोणाला येत नाही, म्हणून दुभाषी म्हणून अर्जदारालाच उभे केले होते. आत्याने झटक्यात गाठ मारली, टाळ्या झाल्या, आणि ती म्हणाली, "हे बघा, मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. गाठ माझ्या भाचीची. तिनंच शोधली, तिनंच मला शिकवली. उगीच माझं नाव लावू नका." अर्जदाराने शब्दनशब्द सांगितला. तिचे सगळे त्या चार वाक्यांवर अवलंबून होते. मग मफलरसर उठले, मफलरने डोळे पुसले आणि म्हणाले, "यांच्याकडे मोठी माणसं स्वतःचं श्रेय असं लहानांच्या पदरात टाकतात. काय ही परंपरा!" सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. महोदय, आपणही वाजवत होतात.

आत्याने विचारले, "काय म्हणतायत गं?" अर्जदाराला त्याचे भाषांतर करता आले नाही.

५. सबब विनंती की, पाटीवरून आत्याचे नाव काढून अर्जदाराचे लावावे आणि ते शून्य खोडावे. पुरावा मागू नये. पुरावा विमानाने येऊन, आपल्यासमोर बोलून, परत गेला आहे.

आपली, रीतीपुरती नम्र,
(सही)
अर्जदार,
कार्यशाळेतले खिडकीकडचे शेवटचे टेबल
दिनांक : प्रवेशाच्या अंतिम मुदतीचा आदला दिवस

सोबत : नवीन गाठ, एक. अर्जदाराने परवा शोधली. आत्या, आजी, पणजी यांपैकी कोणालाही अजून दाखवलेली नाही.