एकोणीस वेळा दाबलेलं बटण

वहिनी,

नवा प्रिंटर जोडून दिलाय. बटण एकदाच दाबा आन कागद येईस्तोवर दम धरा. तुमच्या मालकाला, आपल्या गुरुलिंगाला, तेवढा दम कुठं होता! जुन्यातून कागद निघंना म्हणून जायच्या आधी बटण दाबतच बसला असंल. ते सगळं कॉम्प्युटरात अडकून पडलं होतं. नवा जोडला आन एकच पत्र एकोणीस वेळा बाहेर आलं.

"शिवानी, माझंच चुकलं. जावयाला घेऊन घरी ये."

आन आपण समजत होतो, लेकीवरचा राग घेऊनच गेला.

अठरा कागद टेबलावर हायेत. एक घेऊन मी लातूरच्या गाडीनं तिच्याकडं निघालोय. बापाच्या मातीला मला का म्हून बोलावलं न्हाई म्हणली, तर काय सांगू, तेवढं फोनवर कळवा.

केदारनाथ