आंबेकरांची वामकुक्षी

८ नोव्हेंबर २००९, रविवार
ईशिता ग्वेल्फला युनिव्हर्सिटीत गेली, तिचा सरडा माझ्या ऑफिसात राहिला. ऑफिस म्हणजे बेसमेंट. फेब्रुवारीत कंपनीनं मला मोकळं केल्यापासून इथूनच सगळं बघतो. तिनं त्याचं नाव मँगो ठेवलंय. मी आंबेकर म्हणतो. एक डोळा माझ्यावर, दुसरा दारावर. जन्मजात ऑडिटर.

तिचा फोन. बाबा, डिड यू चेंज द बल्ब? पिंजऱ्यावरचा तो खास बल्ब उन्हाचं काम करतो म्हणे. पेटत असला तरी सहा महिन्यांनी बदलायचा. पेटता बल्ब बदलणारा मराठी माणूस अजून जन्मायचाय. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हटलं, झालं ते. लख्ख पेटतोय, म्हणजे झाल्यासारखंच. शिवाय चित्राच्या एकटीच्या पगारात घर चालवायचं तर काटकसर कुठूनतरी सुरू करायला हवी.

संकल्प: उद्यापासून रोज तीन ठिकाणी अप्लाय.

१७ नोव्हेंबर
आंबेकर दुपारभर डोळे मिटून. वामकुक्षी. शेवटी घरचं वळण लागलं. सोबत म्हणून मीही पडलो.
अप्लाय: शून्य. मार्केट थंड आहे.

२४ नोव्हेंबर
आंबेकर फांदीवरून पडले. चढले. परत पडले. आता खालीच राहणं पसंत करतात. जिन्यावरून चित्रा म्हणाली, अरे, त्याचे पाय वाकलेत. म्हटलं, ती बसण्याची ढब आहे. म्हणाली, तुझीही तशीच झालीये, नऊ महिन्यांत.


२९ नोव्हेंबर, सकाळी ११
रातकिडा अगदी समोर. आंबेकरांनी नेम धरला, जीभ बाहेर आली आणि तशीच लोंबत राहिली. रातकिडा सावकाश चालत गेला.
मी पेपर तोंडासमोर धरला. कुणी बघत असलं की कुणालाही अवघडतं.

१ डिसेंबर
व्हिटबीला गेलो. सरडे बघणारी डॉक्टर जवळपास तेवढीच सापडली. आंबेकरांना लोकरी मोज्यात घालून कोटाच्या आत छातीशी धरलं. गाडी चित्रानं चालवली.

डॉक्टरीणबाईंनी जबडा हलकेच दाबला. रबरासारखा वाकला. हाडं मऊ झालीत म्हणाल्या. बल्ब कधी बदलला? म्हटलं, चालू आहे. त्या म्हणाल्या, उजेड देतोय, पण हाडांना लागतं ते देणं त्यानं केव्हाच थांबवलंय. आणि दिवसा असे डोळे मिटणं म्हणजे झोप नव्हे.

ॲडमिट करायचं तर चित्राचा अर्धा पगार. ती पर्स उघडायला लागली, मीच नको म्हटलं. इंजेक्शन दिलं. येताना नवा बल्ब घेतला. परतीच्या रस्त्यात चित्रानं नजर समोरून हलवली नाही. व्हिटबी इतकं लांब आहे हे माहीत नव्हतं.

ईशिताच्या परीक्षा आहेत, तिला कळवायचं नाही. १८ तारखेला ती घरी येईल. तोवर आंबेकर खडखडीत बरे.

५ डिसेंबर
डॉक्टरीणबाईंनी कॅल्शियमची गोळी पाण्यातून द्यायला सांगितली आहे. मी चमच्यानं चुरत बसलो होतो. चित्रा खाली आली. हातात सहाण. ईशिताची बाळगुटी उगाळायची तीच, पुण्याहून बॅगेत आणलेली. सरड्याच्या भीतीनं दोन वर्षं बेसमेंटची पायरी न उतरलेली बाई मांडी घालून गोळी उगाळायला बसली. म्हटलं, अजून थोडी. म्हणाली, दोन वेढे पुरे, एवढासा तर जीव.
ड्रॉपरनं दोन थेंब. एक ओघळला. एक आत गेला.
सुधारणा निश्चित.

११ डिसेंबर
ईशिताचा फोन. हाउज मँगो? म्हटलं, वामकुक्षी चाललीये. खूप हसली. सो महाराष्ट्रियन, म्हणाली.
नंतर अर्धा तास नाक वाहत होतं. बेसमेंटमध्ये फार ओल आहे.

१३ डिसेंबर
आज त्यांनी माझं बोट धरलं. एकाच पायानं, पण धरलं. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, आमची बोटापर्यंत. पाऊण तास हात हलवला नाही. पाच दिवस राहिले.
संकल्प: ईशिता आली की बल्बचं सगळं खरं सांगायचं. आंबेकर फांदीवर बसलेले असताना सांगितलं तर ती रागावणार नाही.

१६ डिसेंबर, सकाळी ७
आंबेकर गेले. बल्ब चालू होता.

परसात खड्डा खणायला गेलो. जमीन दगडासारखी गोठलेली, फावड्याचा नुसता आवाज. चित्रानं श्रीखंडाचा डबा धुतला, पुसला, आत तिचा रेशमी रुमाल घातला. फ्रीझरमध्ये मटारच्या मागे ठेवला. बर्फ वितळला की बघू, म्हणाली.

१८ डिसेंबर, दुपारी ३
डब्यावर काहीतरी लिहायला हवं, नाहीतर कुणी श्रीखंड म्हणून उघडेल. मार्करसाठी माझ्या टेबलाचा ड्रॉवर ओढला. उघडेना. न वापरून घट्ट झाला होता. पाय लावून खेचला.

आत रेझुमेची फाइल. फाइलवर बल्बचं कोरं खोकं, सील न फोडलेलं. वर चिठ्ठी. इंग्रजीत लिहिलं की बाबा वाचत नाही अशी तिची समजूत, म्हणून मराठीत, रविवारच्या मराठी शाळेतल्या अक्षरात:

‘बाबा, ओक्टोबर मधे हा लाव. माझ्या पैशाचा आहे, टेन्शन नको. तू हा ड्रॉवर रोज उघडतोस ना, म्हणून इथे ठेवला.’

४.३०
तिची बस पाचला. चित्रा म्हणाली, मी येऊ का? म्हटलं, नको.
गाडीत बोलायला तीन सुरुवाती तयार केल्या होत्या. एकही आठवत नाही. खोकं कोटाच्या खिशात मावत नाही. हातातच धरून नेतो.