आटवायचं राहिलेलं पाणी

१२ मार्च १९८८
खारं पाणी गोडं करायचं यंत्र सदलग्याजवळच्या या गावात बसून दोन महिने झाले. पाणी तपासायला मी. बोअरचं निम्मं पाणी गोडं होऊन वरच्या गल्लीला जातं. उरलेलं दुप्पट खारट होऊन ओढ्यात. ओढ्याकाठी बौद्धवाड्याची विहीर, ओढा तिच्यात झिरपतो. मी निपाणीची, पण माणसं आपलीच. तिथली तानीआक्का आज विहिरीच्या पाण्याची घागर घेऊन आली. "तूच बघ गं. डाळ शिजंना झालीया." तोंडात घेतलं. थुंकलं.

१५ मार्च
बेळगाव, ऑफिस. हे उरलेलं पाणी आटवायचं यंत्र नकाशात आहे, जागेवर नुसता चौथरा. साहेब म्हणतात, "वरून येईल. तोवर ओढा आहेच की." आहेच की! माणसंपण आहेत की!

१८ मार्च
शिवाप्पांच्या गुऱ्हाळाचा हंगाम संपलाय. रस आटवायची काईल मागितली. "गूळ सोडून मीठ करतीस व्हय?" हसले, पण चिपाडं दिली. यंत्राचं उरलेलं पाणी काईलीत ओतून दुपारभर जाळ. तळाला पांढरा, कडू थर. हेच रोज विहिरीत...

२१ मार्च
ते मीठ साहेबांच्या टेबलावर ओतलं. "रोज एवढं जळण कोण देणार?" हे खरं. मग त्यांनी कागद सरकवला : आटवायचं यंत्र बसलं, चालू आहे. खाली माझी सही हवी. नाही केली. "लांब बदली होईल." होऊ दे. खडेबाजारातून तडक बसस्टँड गाठलं.

२२ मार्च
सकाळी खाऱ्या पाण्याची तोटी बंद केली. ती बंद की सगळं यंत्र बंद. थोड्या वेळात वरच्या गल्लीच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन यंत्रघराच्या दारात. "आमचं पाणी का तोडलंस? तुझ्या जातवाल्यांसाठी?" अंगाची नुसती आग झाली. तोंड उघडणार, तेवढ्यात तानीआक्का विहिरीची बादली घेऊन पुढं. "पिऊन बघा." कुणी हलेना. शेवटी शिवाप्पांच्या सुनेनं ओंजळ धरली. आक्कानं ओतलं. ती गिळेना, थुंकेना. मग गिळलं.
कुणी घरी गेलं नाही. साहेबांची जीप निघालीय म्हणे. आत बसून लिहितेय. बाहेर बायकांचा आवाज परत चढलाय, माझ्यावर की साहेबांवर, कळत नाही.